पैसे आईबाबांचे, पत्रं मुलांची

परदेशातल्या एखाद्या अनोळखी मुलाच्या शिक्षणाचा खर्च दरमहा उचलायचा, ही कल्पना युद्धाच्या धुमश्चक्रीत रुजली. स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना, १९३७ साली, जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने निराधार झालेल्या मुलांसाठी एक योजना मांडली. एका देणगीदाराने एका मुलाची जबाबदारी घ्यायची आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार ठेवायचा. आजची प्लॅन इंटरनॅशनल ही संस्था त्यातूनच उभी राहिली. पुढे कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांसाठी वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या संस्थांनी हीच वाट धरली. १९७२ साली ब्रिटनमधल्या ८८ जणांनी ८८ मुलांचं पालकत्व घेतलं आणि ॲक्शनएड सुरू झाली. ती मुलं भारतातली आणि केनियातली होती.

तेव्हा आपला देश घेणाऱ्यांच्या रांगेत होता. आज मेलबर्न, लेस्टर, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांतूनही असे पैसे जातात. दरमहा चाळीस-पन्नास डॉलर खात्यातून आपोआप वळते होतात, वर्षातून एकदा फोटो येतो, तो फ्रिजच्या दारावर लागतो. पुष्कळ घरांत गोष्ट तिथेच थांबते, आणि मला वाटतं, या व्यवहारातला सगळ्यात मोलाचा भाग तिथेच वाया जातो. पैसे मोठ्यांनी द्यावेत, पण पत्रं घरातल्या मुलांनी लिहावीत.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जातीपातीची कुंपणं त्यालाही होतीच. पण ज्या घरी वार असे, त्या घरची मुलं त्या विद्यार्थ्याच्या पंगतीला बसत. त्याचं नाव, गाव, खोडी, पाठांतर सगळं त्यांना ठाऊक असे. परदेशातल्या पालकत्वात पंगत नसते. तिच्या जागी पत्र असतं, आणि ते वर्षानुवर्षं कोरं राहिलं तर मुलांच्या हाती फक्त ‘आपण देणारे’ एवढी जाणीव उरते.

माझी बहीण मेलबर्नला असते. युगांडातल्या एका मुलीचं पालकत्व त्या घराने घेतलंय. पत्रं लिहिते ती माझी भाची, वय वर्षं आठ. पहिल्या पत्रात काय लिहायचं यावर जेवणाच्या टेबलाशी बराच खल झाला. पोहण्याचा तलाव, विमानप्रवास, नवी सायकल हे सगळं बाजूला ठेवून भाचीने शेवटी विचारलं, ‘तुमच्याकडे फणस असतो का? आमच्या आजीकडे रत्नागिरीला आहे.’ चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं. घरामागेच झाड आहे, आई कापायच्या आधी हाताला तेल लावते, नाहीतर चीक निघत नाही. भाचीने लगेच आजीला फोन लावला. आजी म्हणाली, ‘अगो, मग दुसरं काय करणार ती?’ त्या क्षणापासून ती मुलगी त्या घरात ‘गरीब बिचारी’ राहिली नाही. पुढच्या पत्रात क्वेपेना नावाच्या खेळाची माहिती आली. दोन बाजूंनी चेंडू मारायचा आणि मधलीने चुकवायचा. जुन्या मोज्यांचा चेंडू करून भाची आणि तिचा भाऊ परसात तो खेळलेही.

पत्राला इतका वेळ का लागतो, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. ते आधी संस्थेच्या कार्यालयात वाचलं जातं, मग त्या देशात जातं, तिथला कार्यकर्ता ते मुलाच्या भाषेत आणतो, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. घरचा पत्ता, फोन नंबर लिहायचा नाही, समाजमाध्यमांवर मुलाला शोधायचं नाही. ही बंधनं त्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी असतात. खाऊ-खेळण्यांचं पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. स्टिकर, चित्र, पुस्तकात ठेवायची खूण अशी पाकिटात मावणारी चपटी वस्तू बरी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. ‘तिकडे त्या पोरीला दोन वेळचं मिळत नाही आणि तू ताटात टाकतोस!’ हे वाक्य आपल्या तोंडी फार पटकन येतं. अशाने ती मुलगी घरातल्या मुलांच्या डोक्यावर उगारलेली छडी होते. पोटात भाजी जाईलही, पण पत्र लिहायची हौस मरते.

पैशाचं खरं चित्रही मुलांपुढे मांडावं. बहुतेक मोठ्या संस्था आता रक्कम एकट्या मुलाच्या हाती देत नाहीत. ती गावच्या शाळा, पाणी, आरोग्य यांवर एकत्र खर्च होते. या व्यवस्थेत चुकाही झाल्या आहेत. १९९८ साली शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी स्वतः मुलांचं पालकत्व घेऊन शोध घेतला, तेव्हा त्यांतलं एक मूल कधीच दगावल्याचं उघड झालं, आणि तरीही त्याच्या नावाने पैसे घेतले जात होते. दुसरी बाजूही तितकीच खरी. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर व्यक्तींचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष मांडला. कम्पॅशनच्या योजनेतली मुलं इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. पुढे याच गटातल्या अभ्यासकांनी इंडोनेशियात मुलांना स्वतःचं चित्र काढायला लावलं, आणि पालकत्व लाभलेल्या मुलांच्या चित्रांत आशेच्या खुणा अधिक दिसल्या.

थोड्या मोठ्या मुलांना ‘अ स्मॉल ॲक्ट’ हा २०१० सालचा माहितीपट जरूर दाखवावा. हिल्डे बाक ही स्वीडनमधली शिक्षिका. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेली ज्यू मुलगी. केनियातल्या क्रिस म्बुरू या मुलाची फी ती भरत असे. तो हार्वर्डला कायदा शिकला, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचं काम करू लागला, आणि कधी न भेटलेल्या त्या बाईंच्या नावाने त्याने केनियात शिष्यवृत्ती सुरू केली.

हे नातं एक दिवस संपतं, तेही अनेकदा अचानक. मुलगा अठरा वर्षांचा होतो, कुटुंब दुसरीकडे जातं, संस्थेचं काम त्या भागात पूर्ण होतं. कधी कायदा आडवा येतो. परदेशी देणग्यांवरच्या निर्बंधांमुळे कम्पॅशनने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम थांबवलं, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांची पत्रं एकाएकी तुटली. म्हणून पालकत्व घेतानाच संस्थेला विचारून ठेवावं, की शेवटचं पत्र पोचवण्याची सोय आहे का, आणि असेल तर किती दिवसांत द्यावं लागेल. मग ते पत्रही मुलांनाच लिहू द्यावं, चार शुद्धलेखनाच्या चुकांसकट.