पूर्ण श्रद्धा म्हणजे काय?

श्रद्धा असणे आणि श्रद्धेला सर्वस्व वाहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बहुतेक माणसांच्या ठायी देवाविषयी थोडाबहुत भाव असतोच. सणावाराला तो जागा होतो, संकटात दाटून येतो आणि एरवी घराच्या कोनाड्यात मुकाट पडून राहतो. प्रभु येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारण्यात आले, तेव्हा त्याने यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्राचाच आधार घेतला. देवावरील प्रीतीत मन, जीव, बुद्धी यांतले काहीही मागे ठेवावयाचे नाही आणि शेजाऱ्याला आपल्याहून कमी लेखावयाचे नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. काहीही मागे न ठेवणे, हाच कॅथॉलिक जीवनाचा कणा होय.

ही अपेक्षा केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्याकडूनच असते, असा एक समज आहे. ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेणाऱ्यांनी सर्वस्व द्यावे व संसारी माणसाने रविवारच्या मिस्साला हजर राहावे, अशी जणू कामाची वाटणी झालेली आहे! परंतु ती वाटणी खरी नव्हे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, पावित्र्याचे पाचारण सर्वांना सारखेच आहे, असे १९६४ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. दर वर्षी ईस्टरच्या पूर्वरात्री मंदिरात मेणबत्त्या पेटवून भाविक आपल्या स्नानसंस्काराच्या शपथा पुन्हा घेतात. त्या वेळी शेतकरी, शिक्षक, गृहिणी, मजूर हे सारे एकाच सुरात उत्तर देतात. संसारी माणसासाठी तेथे कोणतीही वेगळी, सोपी शपथ नसते.

लामता हे बालाघाट जिल्ह्यातील, बालाघाट-नैनपूर लोहमार्गावरील एक गाव. अशा गावी राहणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थाला महानगरातील भव्य मंदिरांचा आणि मोठ्या समाजाचा आधार नसतो. भोवतालचे शेजारी बहुधा वेगळ्या धर्माचे असतात. शेती किंवा नोकरी, मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण यांतच दिवस सरतो. अशा माणसाने सर्वस्व वाहावयाचे म्हणजे करावयाचे तरी काय? या प्रश्नाचा उलगडा उपदेशापेक्षा चरित्रांतून अधिक चांगला होतो. त्यांतले एक चरित्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसईचे आहे, तर दुसरे मध्य प्रदेशातलेच आहे.

संत गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. त्या काळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्याचे वडील पोर्तुगीज होते, आई येथलीच होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला आणि पंधरासोळा वर्षांचा असतानाच त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. आपल्याला येशूसंघात घ्यावे, ही त्याची मनापासूनची इच्छा होती; पण ती पूर्ण झाली नाही.

नकार मिळाल्यावर माणसाची श्रद्धा कोमेजण्याचा संभव फार. गोन्सालो व्यापारात पडला. धंद्यात त्याला यश आले, हाती पैसा खेळू लागला. येथेच त्याची गोष्ट संपली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण पैशाने त्याच्या मनातली हाक बुजली नाही. पुढे फिलिपाइन्समधील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. तेथेही तो धर्मगुरू झाला नाही. मठातील कामे करणारा एक साधा बंधू म्हणूनच तो राहिला.

मात्र त्याच्यापाशी एक गोष्ट होती, ती म्हणजे जपानी भाषा. १५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविले, तेव्हा गोन्सालो दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर गेला. ज्या भाषेने त्याचा व्यापार चालला, तीच आता सेवेला लागली. पुढे राजकारण फिरले. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना पकडण्याची आज्ञा दिली. सव्वीस जणांना शिक्षा झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी श्रावक होते. एक मुलगा तर अवघा बारा वर्षांचा होता. ऐन हिवाळ्यात त्यांची कानांची पाळी कापून, गावोगाव धिंड काढून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्विसांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेला पहिला कॅथॉलिक संत तो हाच.

या चरित्रात नजर प्रथम जाते ती अखेरच्या क्रुसाकडे. परंतु क्रुसाचा दिवस एकच होता. त्यामागे चाळीस वर्षे होती. नाकारले गेल्यावर त्याने देवाशी अबोला धरला नाही, संपत्ती आल्यावर तीतच तो रमला नाही, आणि मानाचे पद मिळाले नाही म्हणून अंगचे कौशल्यही राखून ठेवले नाही. त्याचे खरे सर्वस्वदान ते हेच.

दुसरे चरित्र अगदी अलीकडचे आहे. केरळमध्ये १९५४ साली जन्मलेल्या धर्मभगिनी राणी मारिया १९९२ पासून मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे सेवा करीत होत्या. तेथील आदिवासी आणि गरीब शेतकरी सावकारांच्या कर्जात पिचलेले होते. बँकेचे कर्ज कसे मिळते, सरकारी योजना कोणत्या आहेत, आपला हक्क कसा मागावा, हे त्या लोकांना समजावून सांगत. हे काम ज्यांना सलत होते, त्यांच्या चिथावणीवरून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये एकाने सुऱ्याचे वार करून त्यांचा बळी घेतला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. वृद्ध आईनेही त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

पूर्ण श्रद्धा आणि धर्मवेड यांत पुष्कळांची गल्लत होते. दोन्हींत माणूस पेटून उठलेला दिसतो, म्हणून ती सारखी वाटतात. परंतु धर्मवेडा आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो, आणि श्रद्धावान ती स्वतः चुकवितो. गोन्सालोने कोणावर शस्त्र उचलले नाही. राणी मारियांच्या आईने सूड मागितला नाही. श्रद्धेची पारख करावयाची झाल्यास ती येथे करावी.

मग लामत्यासारख्या गावातील गृहस्थाला यातून काय घेता येईल? हौतात्म्य सर्वांच्या वाट्यास येत नाही आणि ते कोणी शोधूही नये. पण अंगी असलेले एखादे कौशल्य प्रत्येकाजवळ असते. कोणाला अर्ज लिहिता येतो, कोणाला हिशेब कळतो, कोणाला आजाऱ्याची शुश्रूषा जमते. ते शेजाऱ्याच्या उपयोगी पडते की केवळ आपल्याच घरापुरते राहते, हे रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी ज्याचे त्याने पाहावे. मापात खोट नसावी, मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी, बांधावरून तुटलेले बोलणे आपण होऊन पुन्हा सुरू करावे. यांतले शेवटचे बहुधा सर्वांत कठीण असते, कारण तेथे पैसा किंवा वेळ नव्हे, तर आपला अभिमान द्यावा लागतो. माणूस सर्वांत मागे ठेवतो तो तोच. आणि आज्ञा आहे ती काहीही मागे न ठेवण्याची.