तूप वजा, व्हेगन मजा!

मॉलमधल्या चकचकीत शेल्फवरून ‘व्हेगन’ लिहिलेलं पाकीट उचललं, किंमत पाहिली आणि हळूच परत ठेवलं? नो टेन्शन! तुमच्या घरातले बेसन, मटकी, नाचणी आणि शेंगदाण्याचे डबेही व्हेगनच आहेत, फक्त त्यांच्यावर कुणी शिक्का मारलेला नाही. मांस-मासे-अंडी, दूध-दही-तूप आणि मध बाजूला ठेवा. मग ताटात उरतं काय? भरपूर! चला, एकेक डबा उघडू या.

दोन पेनींची क्रांती

माहीत आहे का? व्हेगन चळवळीचं पहिलं पत्रक निघालं ते दुसरं महायुद्ध सुरू असताना, नोव्हेंबर १९४४ मध्ये. काढलं कुणी? इंग्लंडमधल्या डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी. किंमत फक्त दोन पेनी! ‘दूध नाही, अंडं नाही, मग तब्येतीचं काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक छोटी माहिती: वॉटसन मास्तर २००५ साली गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. नाबाद शतक थोडक्यात हुकलं!

२४ हजार की १ रुपया?

न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ या रेस्तराँने २०२१ मध्ये मांस-मासळी मेन्यूतून हद्दपार केली. एका माणसाच्या जेवणाचे ३३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २४ हजार रुपये. भाज्या खायला! गंमत म्हणजे चहा-कॉफीपुरतं दूध आणि मध तिथेही शिल्लक होतं. २०२५ मध्ये मांस पुन्हा मेन्यूवर आलं.

आता आपल्याकडे या. १९९५ मध्ये युती सरकारने झुणका-भाकर विकायला काढली. किती रुपयांत? एक! मिशेलिनचा स्टार नाही मिळाला, पण दुधाचा थेंबही नव्हता. पुढे २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: चपात्या, भाजी, वरण, भात, १० रुपयांत.

झुणक्याचा झटका

पाहुणे दारात, फ्रिज रिकामा? कढईत तेल जरा सढळ हाताने घाला. मोहरी तडतडली की हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि बचकभर चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की वरून तिखट-मीठ आणि कोरडं बेसन भुरभुरायचं, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं आणि दणदणीत वाफ काढायची. कढईच्या तळाला धरलेली खरवड कुणाची, यावरून भांडण झालं तर समजा, झुणका जमला! खर्च? पाहुण्यांच्या रिक्षाभाड्याहून कमी.

लंडनमध्ये मिसळीची मुसंडी

२०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश कुठली ठरली, माहीत आहे का? पास्ता? फलाफल? छे! दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ! मोड आलेलं कडधान्य, रस्सा, फरसाण, कांदा, लिंबू. सोबतची दह्याची वाटी परत पाठवा, पावाला लोणी लावू नका म्हणा, की झाली व्हेगन. तर्री मात्र एक्स्ट्रा मागा, लाजू नका.

जीआय थाळी, फुल्ल मराठी

मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी. जळगावच्या वांग्याचं भरीत. नवापूरच्या तूरडाळीचं वरण. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, तोंडी लावायला लासलगावचा कांदा. प्यायला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाचं सार, शेवटी कोल्हापूरचा गूळ. या सगळ्या वाणांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळालेला आहे. सगळी थाळी व्हेगन. आणि ही थाळी जमवायला विमान लागत नाही, एसटी पुरते!

वांग्याचा वांधा नाही

भरिताचा विषय निघालाच आहे, तर ऐका. २०१८ मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात विक्रमासाठी भरीत केलं. किती? सुमारे अडीच हजार किलो! तुमच्या गॅसवर एक वांगं भाजताना शेगडी बरबटते म्हणून कुरकुर करता ना? त्या जळगावकरांना आठवा.

उपवासाचं ताट, अमेरिकेची वाट

हे जरा बसून वाचा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा? तिथलाच. बटाटा? पेरूच्या डोंगरातला (देशाचं नाव, फळाचं नाही!). मिरची, रताळं, राजगिरा? सगळी मंडळी अमेरिका खंडातली. आपल्या एकादशीच्या ताटातला कितीतरी ऐवज कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलेला आहे. फोडणी तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलात दिली की साबुदाणा खिचडी पक्की व्हेगन.

राजगिऱ्याचा प्रवास तर अंतराळापर्यंत! १९८५ मध्ये मेक्सिकोचे पहिले अंतराळवीर रोडोल्फो नेरी वेला ‘अटलांटिस’ यानातून गेले, तेव्हा सोबत राजगिऱ्याचं बीही होतं. आता लाडू खाताना थोडा तोरा दाखवायला हरकत नाही.

शेंगदाणा विरुद्ध बदाम

१०० ग्रॅम बदामात प्रथिनं साधारण २१ ग्रॅम. शेंगदाण्यात? सुमारे २५! निकाल लागला. त्यात शेंगदाणा हा सुकामेवा नाहीच, तो कडधान्यांच्या कुळातला. फूल येतं जमिनीवर, मग त्याचा देठ वाकून मातीत घुसतो आणि शेंग धरते खाली. वर फॅशन, खाली ॲक्शन! कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि लिंबू घाला. मीठ मात्र अगदी वाढताना, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

कट रचणारे आपण पहिले

२०१५ च्या सुमारास पाश्चात्त्य व्हेगन मंडळी आनंदाने नाचली. कारण? छोले शिजवून उरलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, त्याचे मेरँग होतात! नाव ठेवलं ॲक्वाफाबा. आपल्या आजीने हे ऐकून काय केलं असतं? पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या पाण्याला गोडा मसाला, चिंच-गूळ आणि खमंग फोडणी देऊन कटाची आमटी केली असती. फेकायचं काही नाही, हा नियम तिने कुठल्या रीलवर बघितला नव्हता.

बापूंची बकरी आणि बांचा युक्तिवाद

गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं; फळं आणि शेंगदाणे यांवर त्यांचा भर होता. पुढे ते गंभीर आजारी पडले. माथेरानची हवा खाऊन झाली, पण गुण आला नाही. मुंबईत डॉ. दलाल म्हणाले, दूध घ्यायलाच हवं. बापू म्हणाले, शपथ आहे. तेव्हा कस्तुरबांनी बिनतोड मुद्दा काढला: शपथ घेताना मनात गाय-म्हैस होती ना? मग बकरीचं चालेल की! बापूंनी बकरीचं दूध घेतलं, पण आत्मकथेत त्याची टोचणीही लिहून ठेवली.

हाडांचा हिशेब

१०० ग्रॅम गाईच्या दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत? साडेतीनशेच्या आसपास! मात्र नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून ती भिजवून, मोड आणून वापरणं शहाणपणाचं. आणि उसळीवर लिंबू पिळता ना? त्यातलं सी जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. नुसती चवीची चैन नाही ती!

दही लावा, देठ लावा!

शेंगदाणे रात्रभर भिजवा, वाटा, गाळा, उकळा. दूध तयार. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाका आणि उबेला ठेवा. विरजण म्हणून मिरचीचे देठ? यस! देठांवरचे जिवाणू ते काम करतात. पहिल्या खेपेला जरा पातळ लागेल. त्यातलंच चमचाभर पुढच्या विरजणाला वापरा.

टोमॅटोने तोंडचं पाणी पळवलं

‘क्रिसिल’ ही संस्था दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च मोजते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो महिनाभरात किलोला ३३ रुपयांवरून ११० वर उडाला आणि शाकाहारी थाळी २८ टक्क्यांनी महागली. गृहिणींनी काय केलं? चिंच आणि आमसूल बाहेर काढलं! आंबटपणाला पर्याय असलेलं स्वयंपाकघर भाववाढीला सहजासहजी बधत नाही.

ऑक्सफर्डचा ट्विस्ट

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १५० देशांतल्या किमती तपासल्या. श्रीमंत देशांत व्हेगन आहाराने खर्च एक तृतीयांशापर्यंत घटतो. वा! पण थांबा. आपल्यासारख्या देशांत सकस, टिकाऊ आहार पाश्चात्त्य ताटापेक्षा स्वस्त पडतो. लोक सध्या जे खातात त्याहून मात्र किमान एक तृतीयांश महाग. कारण उघड आहे. नुसत्या भात-चपातीने पोट भरतं, पण डाळी, भाज्या, फळं वाढली की बिल वाढतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातल्या सुमारे २६० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. इथे विनोद नको.

हिरवा ठिपका, गोड गैरसमज

पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे व्हेगन? चूक! त्यात दूध, तूप, मध, सगळं चालतं. व्हेगनचं चिन्ह वेगळं: हिरवा ‘व्ही’, वर इवलंसं पान. त्यासाठीचे नियम २०२२ चे.

आणि ही गोळी मात्र हवीच

बी-१२! हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. मोड, पालेभाजी, नाचणी, कितीही खा. पूर्ण व्हेगन व्हायचं असेल तर डॉक्टरांना विचारून सप्लिमेंट घ्या. पाकीटबंद चीज नि इम्पोर्टेड ओट मिल्क यांवर वाचवलेल्या पैशांत ही गोळीही येईल, किलोभर मटकीही येईल आणि वर कोथिंबिरीची जुडी. ती मात्र फुकट मागा, भाजीवाल्या मावशी ओळखीच्या असतील तर!