पियानोतली बोटभर फीत
अपराइट पियानोची पुढची फळी काढून आत टॉर्च मारा. प्रत्येक हातोडीखाली बोटभर लांबीची सुती फीत दिसेल. तिचं चामडी टोक खालच्या तरफेवरच्या तारेच्या आकड्यात अडकवलेलं असतं. 88 पट्ट्या, 88 फिती. इथे हातोडी आडवी जाऊन तारेवर आपटते, त्यामुळे तिला नुसत्या वजनाने पटकन मागे येता येत नाही; फीत तिला मागे खेचायला मदत करते. जुनं चामडं वाळून बिस्किटासारखं तुटतं आणि भरभर वाजवलेला सूर अडखळू लागतो. एक तुटली की बाकीच्याही त्याच वयाच्या, तेव्हा माझ्या मते सगळा संच एकदमच बदलावा. मात्र फीत आखूड पडली, तर डावं पेडल दाबताच खालची तरफ उगाच वर ओढली जाते.