वसतिगृहातील मायक्रोवेव्ह आणि अंडे : एक वैज्ञानिक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत उघड्या तारेची शेगडी वापरण्यास आगीच्या भीतीने मनाई असते. लहान मायक्रोवेव्ह मात्र बहुधा चालतो. त्यामुळे खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा स्वयंपाक या एका यंत्राभोवती फिरतो. पुण्या-नागपुराहून उच्च शिक्षणासाठी तेथे जाणारे आपले विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. स्वस्त, पौष्टिक आणि झटपट होणारा पदार्थ म्हणून अंड्याकडे वळणे स्वाभाविकच होय. परंतु या यंत्रात सर्वाधिक दगा देणारा पदार्थही अंडेच आहे. असे अंडे फुटून डोळ्यास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या आहेत. ‘अंडी ठेवू नयेत’ अशी सूचना भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. कारण समजल्याशिवाय तरुण मुले सूचना पाळत नाहीत, हा आपणां सर्व अध्यापकांचा अनुभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्या कारणाचा विचार केला आहे.

उष्णता कोठे निर्माण होते?

रेथिऑन कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉन नलिकेजवळ खिशातील गोड वडी वितळल्याचे पाहिले आणि त्यातून या यंत्राचा जन्म झाला. त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांतही एक अंडे फुटून जवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, असे सांगितले जाते. म्हणजे ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे.

घरगुती मायक्रोवेव्हमधील तरंगांची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, तर तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या तरंगांच्या बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर पाण्याचे द्विध्रुवी रेणू सतत दिशा बदलू पाहतात व त्या धडपडीचे रूपांतर उष्णतेत होते. पातेल्यात अंडे उकडताना उष्णता बाहेरून आत हळूहळू जाते आणि भोवतालचे पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नसल्याने अंड्यालाही ती मर्यादा आपोआप लागू होते. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता अंड्याच्या अंगातच उत्पन्न होते. तेथे अशी कोणतीही मर्यादा नसते.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, असा एक समज प्रचलित आहे. सर्वसाधारण अन्नाबाबत तो चुकीचा आहे, कारण तरंग पृष्ठभागापासून काही सेंटिमीटरपर्यंतच प्रभावीपणे शिरतात. गंमत अशी की, अंड्याबाबत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. अंड्याची जाडी जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर. शिवाय गोलसर आकारामुळे सर्व बाजूंनी शिरलेले तरंग मध्याकडे एकवटतात. मध्यभागी असतो पिवळा बलक. पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी असते, तर बलकात निम्म्याच्या आसपास पाणी आणि बरीचशी स्निग्धता असते. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेने बलकाचे तापमान अधिक वेगाने चढते.

स्फोटाची कारणमीमांसा

अंड्याच्या कवचास सुमारे सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. परंतु एक मिलिलिटर पाण्याची वाफ दीड लिटरहून अधिक जागा मागते, आणि इतकी वाफ एकाएकी बाहेर पडू देण्यास ही छिद्रे अगदीच अपुरी होत. म्हणून कवचासह अंडे मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये. कवच काढले तरी धोका संपत नाही, कारण बलकाभोवतीचे पातळ आवरण वाफ कोंडून धरू शकते.

सर्वांत फसवे असते ते आधी उकडून सोललेले अंडे. २०१७ मध्ये अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या न्यू ऑर्लिन्स येथील अधिवेशनात यासंबंधीचे प्रयोग मांडले गेले. जवळपास शंभर उकडलेली अंडी पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापविण्यात आली. बाहेर काढून टोचलेल्या अंड्यांपैकी सुमारे ३० टक्के अंडी फुटली. ३० सेंटिमीटर अंतरावर तो आवाज ८६ ते १३३ डेसिबल भरला. बलकाचे तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा सरासरी १२ अंशांनी अधिक आढळले. गोठलेल्या बलकात पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात. ते उत्कलनबिंदूच्या वर तापूनही शांत असतात आणि टोचताच एकदम उकळतात, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. टोचणारी वस्तू काटा असेल, तसे दातही असू शकतात. उकडलेले अंडे गरम करायचेच असल्यास आधी त्याचे बारीक तुकडे करावेत, हे उत्तम.

सुरक्षित कृती

पन्नास ग्रॅमचे अंडे शीतकपाटातून काढून सत्तर अंशांनी तापवायला सुमारे साडेअकरा हजार ज्यूल लागतात. ७०० वॅटचे यंत्र ही सर्व शक्ती अंड्यास देऊ शकले, तर सतरा सेकंदही लागणार नाहीत. एवढ्या लहान पदार्थात सर्व शक्ती शोषली जात नाही; तरीही खेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा आहे, हे यावरून लक्षात यावे. अंड्यातील प्रथिने ६२ अंशांच्या आसपास साकळू लागतात, तर मुख्य प्रथिन ओव्हॅल्ब्युमिन सुमारे ८० अंशांना घट्ट होते. त्यापुढे केवळ रबर हाती लागते.

म्हणून अंडे चिनीमातीच्या मोठ्या कपात फोडावे आणि चमचाभर दूध घालून चांगले फेटावे. फेटल्याने बलकाचे आवरण नाहीसे होते, हा त्यातील खरा लाभ. मध्यम शक्तीवर तीस सेकंद ठेवून ढवळावे. नंतर दर पंधरा सेकंदांनी पुन्हा ढवळावे. बहुतेक यंत्रांत ‘मध्यम शक्ती’ म्हणजे मॅग्नेट्रॉन आळीपाळीने चालू-बंद होणे. त्या विरामात उष्णता सर्वत्र पसरते. ढवळणे केवळ चवीसाठी नाही. साल्मोनेला जंतूंच्या दृष्टीने अमेरिकी कृषी विभाग अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत शिजविण्यास सांगतो, आणि न ढवळलेल्या कपात एखादा कोपरा थंडच राहू शकतो. अंडे किंचित ओलसर असतानाच बाहेर काढून मिनिटभर झाकून ठेवावे. उरलेले काम आतील उष्णता करते. बलक अखंड ठेवायचा असेल तर टाचणीने तो दोन-तीन ठिकाणी टोचणे अनिवार्य आहे.

राहता राहिली भुर्जी. कांदा अंड्याबरोबर घातल्यास तो कच्चा राहतो. तेल लावून आधी एक-दीड मिनिट तो वेगळा शिजवावा. तरीही घरच्या तव्यावरचा खमंगपणा येत नाही. कांद्याला तांबूस रंग व तो वास येण्यासाठी पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. मायक्रोवेव्हमधील ओलसर कांदा १०० अंशांच्या आसपासच घुटमळतो. ही उणीव थोडा तयार तळलेला कांदा वरून घालून बरीचशी भरून निघते.