सहा फटके पुरे होते!

मुलांनो, डहाणूच्या चिकूवाडीत किंवा तलासरीच्या अंगणात गोट्या खेळताना गल लांब असली, की तुम्ही काय करता? तिथूनच नेम धरता, की आधी गोटी गलीजवळ आणून ठेवता?

गोल्फमध्येही हाच पेच असतो. चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा. १९९९ साली स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन स्पर्धा होती. फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द तीन फटक्यांनी आघाडीवर होता. उरलं होतं शेवटचं, अवघड भोक. वाटेत बॅरी बर्न नावाचा ओढा! तरी सहा फटक्यांत चेंडू भोकात गेला, की विजेतेपद त्याचंच.

छोटे, सरळ फटके पुरे होते. पण गडी लांब फटके मारत सुटला! दुसरा फटका प्रेक्षकांच्या गॅलरीवर आपटून उंच गवतात आला, तिसरा थेट ओढ्यात. दंडाचा एक धरून झाले सात. तिघांची बरोबरी झाली आणि जादा फेरीत पॉल लॉरी जिंकला.

म्हणून हिशेब भोकापासून मागे करायचा. शेवटचा फटका कुठून सोपा जाईल? त्यासाठी आधीचा कुठे पडायला हवा? मग पहिला फटका ठरवायचा. आज गोट्या खेळताना करून पाहा बरं!