एक टक्का जागेतली भट्टी

प्रथिनातला पेप्टाइड बंध नुसत्या पाण्यात आपोआप तुटायला किती काळ लागेल? रिचर्ड वोल्फेन्डेन आणि अ‍ॅना राडझिका यांनी 1996 मध्ये याचा हिशेब मांडला: 25 अंश सेल्सिअसला अशा बंधांपैकी निम्मे तुटायला 350 ते 600 वर्षं. प्राण्यांच्या पेशीत मात्र हे काम अखंड चालू असतं. ते करणाऱ्या विकरांपैकी, म्हणजे एन्झाइमांपैकी, एक आहे कॅथेप्सिन डी.

एवढं जबर विकर पेशीला खाऊन का टाकत नाही? कारण ते कोंडलेलं असतं. यकृताच्या एका पेशीत लायसोसोम नावाच्या सुमारे 300 पिशव्या असतात आणि त्या सगळ्या मिळून पेशीची जेमतेम एक टक्का जागा व्यापतात. आतला सामू 5 च्या खाली, बाहेरचा 7.2 च्या आसपास. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण सामूचं एक घर म्हणजे दहापट. त्यामुळे पिशवीच्या आत आम्लता शेकडो पटींनी जास्त असते. कॅथेप्सिन डी आम्लातच कामाला लागतं, बाहेर सांडलं तर जवळपास थंड पडतं.

हा कोंडवाडा सापडला तो मोजमापातल्या घोळामुळे. 1949 मध्ये बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द द्यूव यांचा गट उंदराच्या यकृतात आम्ल फॉस्फटेज हे दुसरंच विकर मोजत होता. आकडा अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच आला. पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला तोच नमुना पुन्हा तपासला, तर क्रिया भरपूर! मधल्या काळात पिशव्यांची आवरणं फाटून विकर बाहेर आलं होतं. 1955 मध्ये या गटाने लायसोसोमला नाव दिलं. त्यात एकत्र सापडलेल्या पाच विकरांत प्रथिनं पचवणारं कॅथेप्सिनही होतं. 1974 चं नोबेल द द्यूव यांना विभागून मिळालं.

कॅथेप्सिन डीची क्रिया मोजायची पद्धत साधी आहे. आम्लात उलगडलेलं हिमोग्लोबिन त्याला खायला द्यायचं, ठरावीक वेळाने ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल ओतून खेळ थांबवायचा. न पचलेलं प्रथिन साक्यासारखं खाली बसतं आणि पचलेले तुकडे द्रवात राहतात. ते मोजले की क्रिया कळते. पेप्स्टॅटिन या रोधकाचा अंश टाकून क्रिया बंद पडली, तर काम याच कुळातल्या विकराचं होतं, हे ठरतं.

वजन मोजायचं तर विकराला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, वापरतात. तिथे एकक असतं पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा कॅथेप्सिन डीमध्येही सुमारे सव्वा कोटी रेणू असतात.

आणि पत्ता? ऊतीचा 70 नॅनोमीटर जाडीचा काप घेतात. एका केसाच्या जाडीत असे हजारभर काप मावतील. त्यावर सोन्याचे 10 नॅनोमीटरचे कण लावलेली प्रतिपिंडं सोडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जिथे काळे ठिपके दिसतील, तिथे विकर. पण प्रतिपिंडं बहुतेक कापाच्या पृष्ठभागापाशीच पोचतात, म्हणून ठिपके मोजून एकूण रेणू किती ते थेट ठरवता येत नाही.

वजन आणि पत्ता दोन्ही हाती आले तरी हिशेब पुरा होत नाही. 2000 मध्ये स्वीडनमधल्या मेंढ्यांच्या एका जातीत जन्मतःच मेंदू खंगलेल्या कोकरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात कॅथेप्सिन डीचा रेणू तयार होत होता आणि टिकतही होता, पण त्याच्या कामाच्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं: अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतली एवढी एक चूक, आणि विकर निकामी.

म्हणून ऊतीतल्या विकराचा कोणताही आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: किती आहे, कुठे आहे आणि काम करतं का. यांतल्या एकाचंच उत्तर देणारा आकडा कितीही बारीक मोजलेला असला, तरी तो अर्धवटच असतो.