जुन्या मोटारीच्या दाराचे कुलूप : दुरुस्ती कशी करावी, सुटे भाग कोठे शोधावेत?

मुंबईची ओळख ठरलेली काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यांवरून निवृत्त झाली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या ‘अ‍ॅम्बेसेडर’चे उत्पादन त्याआधीच, मे २०१४ मध्ये थांबले होते. खासगी मालकांनी मात्र देशभरात या गाड्या जिव्हाळ्याने जपल्या आहेत. त्यांचे इंजिन जाणणारे मिस्त्री आजही भेटतात. अडचण येते ती दाराच्या कुलपासारख्या लहान भागांची.

हा प्रश्न केवळ चोरीपासून संरक्षणाचा नाही. दाराची खिटी दोन टप्प्यांत अडकते. पहिला टप्पा केवळ आधाराचा, तर दुसरा दार पक्के धरणारा असतो. झिजलेली खिटी पहिल्याच टप्प्यावर राहिल्यास वळणावर दार उघडू शकते. अनेक जुन्या गाड्यांत आसनपट्टे नसल्याने हा धोका अधिक गंभीर ठरतो.

दोष नेमका कुठे?

दार नीट लागत नसेल तर प्रथम कुलपाला दोष देऊ नये. दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड हाताने वर उचलून पाहावी. दार खालीवर हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे, असे समजावे. अशा वेळी नवे कुलूप बसवूनही उपयोग होत नाही. दाराभोवतीची रबरी पट्टी नुकतीच बदलली असेल, तर तिची जाडीही तपासावी. जाड पट्टी दाराला बाहेर ढकलते आणि खिटी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही.

या दोन्ही शक्यता निकालात निघाल्यानंतरच आतील आवरण काढावे. तत्पूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, कारण डाव्या व उजव्या दाराची यंत्रणा एकमेकींची आरशातील प्रतिमा असते आणि भागांची अदलाबदल झाल्यास जुळणी फसते. मूठ, किल्लीचा सिलिंडर, खिटी आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या असे चार घटक स्वतंत्रपणे तपासावेत.

बहुतेक वेळा काही मोडलेले नसते. वर्षानुवर्षांचे वंगण धुळीसह घट्ट झालेले असते. खिटी रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून तिला नवे ग्रीस द्यावे. किल्लीच्या सिलिंडरमध्ये मात्र तेल किंवा ग्रीस घालू नये. त्यावर धूळ चिकटून आतील बारीक पट्ट्या पुन्हा अडकतात. तेथे कोरडी ग्रॅफाइट पूड योग्य ठरते. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रेही मोकळी करावीत. ती बुजल्यास पाणी आत साचते आणि दुरुस्त केलेली यंत्रणा पुन्हा गंजते.

जुळणीनंतर दार लगेच बंद करू नये. दार उघडे असतानाच स्क्रू-ड्रायव्हरने खिटी फिरवून दोन्ही टप्पे लागतात का, हे पाहावे आणि मूठ ओढून ती सुटते का, याची खात्री करावी. यात चूक राहून दार बंद झाले, तर ते बाहेरून उघडणे अत्यंत कठीण होते.

सुटे भाग कोठे मिळतात?

मुंबईतील कुर्ला व चोर बाजार, दिल्लीतील काश्मिरी गेट व मायापुरी, कोलकात्यातील मल्लिक बाजार आणि चेन्नईतील पुदुपेट या ठिकाणी जुन्या गाड्यांच्या भागांचा व्यापार चालतो. तेथे जाताना केवळ गाडीचे नाव सांगणे पुरेसे नसते. एकाच नावाच्या गाडीत काळानुसार बदल होत गेले. म्हणून मोडका भाग नमुना म्हणून सोबत न्यावा आणि स्क्रूच्या छिद्रांमधील अंतर जुळवून पाहावे.

अखंड भाग न मिळाल्यास तुटलेली स्प्रिंग स्थानिक कारागिराकडून त्याच जाडीच्या तारेची बनवून घेता येते. किल्ली हरवली असेल, तर कुशल किल्लीवाला सिलिंडर पाहून नवी किल्ली घडवू शकतो. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव मूठ तडकली असेल, तर मात्र ती बदलणेच हिताचे. हा धातू कमी तापमानाला वितळत असल्याने साध्या वेल्डिंगने तो सांधत नाही.

खरेदी करताना पावती अवश्य घ्यावी. चोरीच्या गाड्यांचे भागही बाजारात येतात आणि चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

मूळपण जपण्याला आता कायदेशीर महत्त्वही आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. त्यामुळे काढलेला जुना भाग निकामी वाटला, तरी तो भंगारात न देता जपून ठेवावा. पुढील दुरुस्तीच्या वेळी कारागिराला दाखवण्यासाठी त्याहून अचूक नमुना दुसरा मिळणार नाही.